वाचकांचे प्रश्न : बाणाच्या कळीने ओळ बदलते, तपशील बदलत नाही

प्रश्न : मी एका पतसंस्थेसाठी जावा स्विंगमध्ये (खिडक्या, बटणे, टेबले बनवण्याच्या जावाच्या साधनसंचात) सभासद-नोंदींचा प्रोग्राम लिहिला आहे. डावीकडच्या जेटेबलमधील, म्हणजे स्विंगच्या टेबलातील, ओळीवर क्लिक केले की उजवीकडे त्या सभासदाचे खाते उघडते. मात्र बाणाच्या कळीने खाली-वर गेल्यास जुनेच खाते दिसत राहते. म्हणून कीलिसनर (कळ दाबल्याची सूचना घेणारा कोड) जोडला, तर खाते बदलू लागले, पण नेहमी एक ओळ मागे. असे का होते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एक ओळ मागे राहण्याचे कारण क्रमात आहे. कळ दाबली जाताच स्विंग प्रथम आपल्या कीलिसनरला कळवते आणि त्यानंतरच त्या कळीला बांधलेली क्रिया, म्हणजे निवड पुढच्या ओळीवर नेण्याची, पार पाडते. बाराव्या ओळीवर असताना खालचा बाण दाबला, तर आपला ‘कीप्रेस्ड’मधला कोड चालतो तेव्हा निवड बारावीवरच असते, तेराव्या ओळीवर ती जाते, तोवर आपले काम उरकलेले असते. ‘कीरिलीज्ड’ वापरल्यास हा दोष झाकला जाईल, पण कळ दाबून धरल्यास काय, आणि शोध घेऊन प्रोग्रामनेच ओळ निवडली तर काय, हे प्रश्न उरतातच.

माउस आणि कीबोर्ड यांच्या मागे लागण्याऐवजी निवडीवरच लक्ष ठेवावे. टेबलाच्या ‘गेटसिलेक्शनमॉडेल’कडून मिळणाऱ्या मॉडेलला, म्हणजे कोणती ओळ निवडली आहे याची नोंद ठेवणाऱ्या वस्तूला, लिस्टसिलेक्शनलिसनर जोडला की निवड कशानेही बदलो, ‘व्हॅल्यूचेंज्ड’ला सूचना मिळते. माउसचा लिसनर मग काढूनच टाकावा.

माउसच्या क्लिकला ही सूचना सहसा दोनदा येते, बटण दाबताना आणि सोडताना. त्यामुळे ‘गेटव्हॅल्यूइजअॅडजस्टिंग’ सत्य असेल, म्हणजे निवड अजून पूर्ण झालेली नसेल, तर तेथूनच परतावे. बाणाच्या कळीच्या सूचनेत हे मूल्य असत्यच असते, त्यामुळे कीबोर्डवर या अटीचा परिणाम होत नाही. सूचनेतील ‘गेटफर्स्टइंडेक्स’ला मात्र निवडलेली ओळ समजू नये: ज्या पट्ट्यात बदल झालेला असू शकतो, त्याची ती सुरुवात असते. ओळ विचारायची ती टेबलाच्या ‘गेटसिलेक्टेडरो’ला. उत्तर उणे १ आले तर काहीच निवडलेले नाही, असे समजून उजवी बाजू रिकामी करावी. यादी नव्याने भरल्यावर बहुधा असेच होते. स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक करून क्रम लावण्याची सोय दिली असेल, तर पडद्यावरचा हा क्रमांक मूळ यादीतल्या क्रमांकात बदलण्यासाठी ‘कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेल’मधून नेणे आवश्यक आहे, अन्यथा भलत्याच सभासदाचे खाते उघडेल, आणि पतसंस्थेत तर ते मुळीच परवडणारे नाही.

डाव्या-उजव्या बाणाने फक्त स्तंभ बदलतो आणि त्याची सूचना या लिसनरला येत नाही. ती हवी असल्यास कॉलममॉडेलच्या निवड-मॉडेललाही लिसनर जोडावा. आपल्या कामात त्याची गरज दिसत नाही.

खरी अडचण कळ दाबून धरल्यावर येते. लिपिकाने बाण दाबून पन्नास ओळी पार केल्या, तर पन्नास वेळा डेटाबेसकडे विचारणा होईल, आणि ती स्विंगच्या मुख्य धाग्यावर (थ्रेडवर, जिथे खिडकी रंगवणे आणि कळींना प्रतिसाद देणे चालते) होत असेल, तर खिडकी गोठेल. यासाठी सुमारे २०० मिलिसेकंदांचा स्विंग टायमर एकदाच वाजेल असा ठेवून प्रत्येक सूचनेला तो ‘रीस्टार्ट’ करावा, आणि खाते आणण्याचे काम पार्श्वभूमीत काम करणाऱ्या स्विंगवर्करवर सोपवावे. उत्तर हाती येईपर्यंत निवड पुढे सरकलेली असू शकते, म्हणून ते पडद्यावर मांडण्यापूर्वी सभासद क्रमांक अजून तोच आहे, याची खात्री करून घ्यावी.