शेवाळ कार्बन शोषते, पकडते की अडवते?

भाषांतराचे काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे: कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड शेवाळाला पोसायला वापरतात, त्याबद्दल मी ‘शेवाळ कार्बन शोषते’ असे लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘पकडते’ केले, कारण मुळात ‘कॅप्चर’ होते. बरोबर कोण?

मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात.

स्पंज पाणी शोषतो आणि पिळला की तेच पाणी परत देतो. वीज केंद्रातला धूर अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणाने धुतात तेव्हा नेमके हेच घडते. द्रावण वायू घेते आणि तापवले की सोडून देते, म्हणून तिथे ‘शोषणे’ चपखल बसते. शेवाळ मात्र वायू आणि पाणी घेऊन उन्हाच्या बळावर त्यांची शर्करा बनवते आणि तिच्यातून स्वतःचे अंग वाढवते. आत गेलेला वायू वायू राहतच नाही. ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दानेही तेच सांगितले आहे. श्लिष् म्हणजे चिकटणे, मिठी मारणे. श्लेष आणि आश्लेष त्याच धातूचे. उजेडाच्या साहाय्याने घातलेली मिठी, इतका सुंदर अर्थ त्या शब्दात आहे आणि शाळेत तो आपल्याला कुणी उलगडून दाखवत नाही.

‘पकडणे’ची अडचण वेगळी आहे. चोर पकडला म्हटले की तो कोठडीत आहे असे आपण धरून चालतो. इथे तसे धरता येत नाही.

आपल्या गावोगावच्या भिंतींवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहिलेले असते. बांध घातला की पाणी अडते, पण जिरायला जमीन आणि वेळ लागतो. कार्बनच्या बाबतीतही ही दोन कामे वेगळी आहेत, आणि इंग्रजीतही त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. ‘कॅप्चर’ला अडवणे आणि ‘सीक्वेस्ट्रेशन’ला जिरवणे म्हणावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. शेतकऱ्यालाही ते समजावून सांगावे लागणार नाही.

अमेरिकेत केंटकी राज्यात ईस्ट बेंड नावाचे कोळशावरचे वीज केंद्र आहे. तिथे केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी चिमणीतला धूर पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळ्यांत सोडून सेनेडेस्मस जातीचे शेवाळ वाढवले. जर्मनीत नीडरआउसेमच्या, लिग्नाइटवर म्हणजे तपकिरी कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रातही 2008 मध्ये असा प्रयोग सुरू झाला. या शेवाळाने कार्बन अडवला, हे निर्विवाद. पण त्याचे तेल काढून गाडीत जाळले तर तो पुन्हा हवेत जातो. एकाच कार्बनकडून दोनदा काम करून घेतले, तेवढी नव्या खनिज तेलाची बचत झाली, आणि ती मोलाची आहे. तरी त्याला ‘जिरवला’ म्हणणे खोटे ठरेल. जिरवण्याचा अस्सल नमुना म्हणजे खुद्द कोळसा! चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या झाडांनी घातलेली तीच मिठी. ती आपण भट्टीत सोडवतो आणि मग शेवाळाला पुन्हा घालायला सांगतो.

‘शेवाळ कार्बन पकडते’ या सरसकट वाक्यात प्रमाणही हरवते. एक किलो सुके शेवाळ वाढायला सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. कोळशावरचा 500 मेगावॉटचा वीजसंच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला अकरा-बारा हजार टन वायू सोडतो. दर चौरस मीटरला रोज 20 ग्रॅम शेवाळ धरले, तरी तो सगळा घ्यायला 300 चौरस किलोमीटरहून मोठे तळे हवे, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या तिप्पट. म्हणून वाक्यात ‘काही’ हा शब्द हवाच.

आणखी एक, न विचारलेले. ओल्या भिंतीवरच्या मॉसलाही आपण शेवाळच म्हणतो. शास्त्रीय मजकुरात ‘शैवाल’ लिहिले तर घोटाळा टळतो. तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘धुरातला काही कार्बन शैवालाने अडवता येतो, तो जिरतो की नाही, हे त्या शैवालाचे पुढे काय केले यावर ठरते.’