वचन कोणासाठी, ओझे कोणावर?

वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. तिन्हींतील प्रसंग निरनिराळे असले, तरी प्रत्येक ठिकाणी दुःखात असलेल्या माणसाला पवित्र शास्त्रातील एक वचन ऐकवले गेले आहे आणि त्याने आधार मिळण्याऐवजी त्या माणसाचा भार वाढला आहे. पत्रलेखकांच्या इच्छेवरून त्यांची नावे व गावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला असून त्यांची केमोथेरपी चालू आहे. घरी प्रार्थनेसाठी येणारे काही बंधू म्हणतात की, पुरेसा विश्वास असता तर प्रभूने त्यांना एव्हाना बरे केले असते, आणि औषधांवर भरवसा ठेवणे हे अविश्वासाचेच लक्षण आहे. तेव्हापासून वडील रात्र रात्र जागे राहून आपले कोणते पाप आड येत असावे, याचा शोध घेत बसतात. मी त्यांना काय सांगू?

उत्तर : सर्वप्रथम हे सांगा की उपचार थांबवायचे नाहीत. प्रेषित पौलाच्या सोबत्यांपैकी लूक हा वैद्य होता, आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल त्याचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असाच करतो. तीमथ्याला पोटाचा त्रास होता, तेव्हा पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. तुझा विश्वास तपासून पाहा, असे सांगितले नाही. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत येथे आजारी अवस्थेत मागे ठेवले, आणि स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती करूनही तो निघाला नाही. या सर्वांचा विश्वास उणा होता, असे म्हणण्याचे धाडस तुमच्या घरी येणारे बंधूही करणार नाहीत.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्याविषयीचा जो उतारा बहुधा पुढे केला जातो, तो याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. तो सावकाश वाचला, तर एक गोष्ट ध्यानात येते. तेथे आजाऱ्याने एवढेच करायचे आहे की मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावणे पाठवायचे. तेल लावणे, प्रार्थना करणे ही कामे येणाऱ्यांची आहेत, आणि 'विश्वासाची प्रार्थना' म्हणून जी सांगितली आहे, तीही येणाऱ्यांनीच करायची आहे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडले, तेव्हा येशूने पाहिला तो 'त्यांचा' विश्वास. अंथरुणावर पडलेल्या माणसाकडे विश्वासाचा हिशेब मागणे हे या वचनांच्या अगदी उलट आहे. ज्यांना हिशेब घ्यायचाच असेल, त्यांनी तो प्रार्थनेला बसताना स्वतःचा घ्यावा.

पापाच्या शोधाविषयी योहानाचा नववा अध्याय पुरेसा आहे. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले, तोपर्यंत ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि दुःखामागचे पाप शोधू लागले, तेव्हा ते चुकले. शेवटी देवाचा राग ईयोबावर नव्हे, तर या मित्रांवर भडकला, हे आपण फार लवकर विसरतो.

आपल्याच भूमीतले एक उदाहरण वडिलांना जवळचे वाटेल. पंडिता रमाबाईंच्या विश्वासाविषयी मराठी ख्रिस्ती समाजात कोणाला शंका नाही. त्यांना वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते. परंतु बहिरेपणामुळे तो विचार सोडावा लागला, आणि ते बहिरेपण पुढेही गेले नाही. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली, आणि १९२२ मध्ये त्या स्वतःही गेल्या. त्या अखेरच्या वर्षांतही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नव्हते. अनुत्तरित राहिलेली प्रार्थना आणि खरा विश्वास एकाच आयुष्यात एकत्र राहू शकतात, हे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ज्यांनी पाहिले त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

वडिलांना झोप येत नसेल, तेव्हा त्यांच्याजवळ बसा. त्यांना प्रार्थना सुचत नसेल तर तुम्ही करा. ती त्यांच्याच वतीने केलेली आहे.

प्रश्न : माझा तरुण मुलगा अपघातात गेला. भेटायला येणारे सर्वजण सांगतात की देव आपल्याला सोसवेल त्यापेक्षा अधिक देत नाही. मला मात्र हे सोसवत नाही. मी विश्वासात दुबळी आहे का?

उत्तर : नाही, ताई. हे वाक्य ज्या स्वरूपात सांगितले जाते, त्या स्वरूपात ते शास्त्रात नाहीच. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल मूर्तींच्या मेजवान्या आणि अरण्यातल्या इस्राएलाची पापे यांविषयी बोलत आहे. मोहाची वेळ आली तर निभावून जाण्याचा मार्गही देव करील, असे तो तेथे म्हणतो. हा पापाच्या मोहाविषयीचा दिलासा आहे. पुत्रशोक मोजून देण्याविषयीचे ते विधान नव्हे. तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आसिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की आम्ही जगण्याचीही आशा सोडली. प्रेषिताला जे सोसवले नाही ते त्याने लिहून ठेवले आणि मंडळीने ते शास्त्र म्हणून जपले. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या अखेरीस कोणी आशेची ओळ जोडलेली नाही. तुम्हाला जेव्हा बोलावेसे वाटेल, तेव्हा ते स्तोत्र मोठ्याने वाचा. आणि भेटायला येणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी येताना डबा आणावा, घरातली चार कामे करावीत आणि हे वाक्य घरी ठेवून यावे.

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीला तिचा नवरा लग्नापासून मारहाण करतो. तो मंडळीत नियमित येतो, दशांश देतो. बहीण दोनदा माहेरी आली. दोन्ही वेळा मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी तिची समजूत घालून तिला परत पाठवले. त्यांनी सांगितले की प्रभूने सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितले आहे, दुसरा गाल पुढे करायला सांगितले आहे, आणि प्रत्येकाला आपापला वधस्तंभ वाहायचा असतो. आता ती म्हणते की मी पुन्हा निघून आले तर प्रभूची आज्ञा मोडल्यासारखे होईल. तिचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : या पत्राला उत्तर लिहिताना मला एक कबुली द्यावी लागेल. पाळकीय सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एक स्त्री मनगटाला पट्टी बांधून माझ्याकडे आली होती. मी तिच्यासमोर मत्तयाचा अठरावा अध्याय उघडला, एकविसाव्या वचनापासून वाचला, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि तिला घरी धाडले. आठ महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा सोबत तिचा लहान मुलगा होता आणि त्या मुलाच्या कानशिलावर वळ होता. त्या रात्री मी तोच अध्याय पहिल्या वचनापासून वाचला, आणि माझ्याकडून काय झाले हे मला कळले.

तो अध्याय एका लहान बालकाला मध्ये उभे करून सुरू होतो. या लहानांपैकी एकाला जो अडखळवतो, त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे त्याच्या हिताचे ठरेल, असे येशू तेथे म्हणतो. मग हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त येतो. त्यानंतर, क्षमेच्या वचनाच्या आधी, भावाने अपराध केला तर काय करायचे याची सविस्तर रीत सांगितली आहे : एकांतात त्याला त्याचा अपराध दाखवायचा, ऐकले नाही तर दोघातिघांना साक्षीला घ्यायचे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगायचे, आणि मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला बाहेरचा समजायचे. दोन्ही वेळा मंडळीने तुमच्या बहिणीची समजूत घातली, असे तुम्ही लिहिता. मंडळीने तिच्या नवऱ्याला त्याचा अपराध किती वेळा दाखवला, हे पत्रात नाही. माझ्या हातूनही तेच राहून गेले होते.

हे सर्व झाल्यावर पेत्र विचारतो, प्रभू, माझ्या भावाने माझा अपराध केल्यास मी त्याला किती वेळा क्षमा करावी? प्रश्नातला 'मी' पाहा. पेत्र स्वतःच्या अंतःकरणाविषयी विचारतो आहे, आणि सातांच्या सत्तर वेळा हे उत्तर त्याला मिळते. मी माझ्या बहिणीला किती वेळा मार खायला परत पाठवावे, असे त्याने विचारलेले नाही, आणि त्या प्रश्नाला हे उत्तर दिलेलेही नाही. क्षमेची आज्ञा ज्याला दुखापत झाली आहे त्याने देवासमोर, आपल्या वेळेने, ऐकायची असते. मारणाऱ्याच्या बाजूने तिसऱ्याने ती उच्चारली की तिचे दुसरेच काही होते.

शिवाय क्षमा करणे आणि पुन्हा त्याच छपराखाली राहायला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. योसेफाने आपल्याला विकणाऱ्या भावांविषयी मनात सूड ठेवला नव्हता. तरीही ओळख देण्याआधी त्याने त्यांना दीर्घकाळ पारखले, आणि धाकट्या बन्यामिनाच्या जागी गुलाम म्हणून राहायला यहूदा स्वतः तयार झाला, तेव्हाच त्याला रडू आवरेनासे झाले. जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत देण्याचे उभे राहून सांगितले. बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाला शोभतील अशी फळे मागतो. नियमित उपासना आणि दशांश ही त्या फळांची जागा घेऊ शकत नाहीत. उलट पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पतींना बजावतो की पत्नीला मान द्या, नाही तर तुमच्याच प्रार्थनांना अडथळा येईल. हे वचन मी लग्नविधीत अनेकदा वाचलेले ऐकले. मार खाऊन आलेल्या स्त्रीच्या नवऱ्याला बोलावून त्याच्यापुढे वाचलेले क्वचितच ऐकले. इफिसकरांस पत्रातही तसेच होते. स्त्रियांविषयीची तीन वचने स्त्रियांना पुन्हा पुन्हा ऐकवली जातात, त्यापुढची पतींना उद्देशून असलेली नऊ वचने मात्र पतींपर्यंत पोहोचत नाहीत.

दुसऱ्या गालाविषयी येशूने स्वतः काय केले, ते योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. महायाजकापुढे एका शिपायाने त्याला चापट मारली, तेव्हा त्याने विचारले की मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने सूड घेतला नाही, परंतु तो गप्पही राहिला नाही. मारणाऱ्याला त्याने जाब विचारला. नासरेथकरांनी त्याला कड्यावरून लोटायला नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात लोकांनी दगड उचलले, तेव्हा तो लपला व बाहेर पडला. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जिवावर बेतले, तेव्हा शिष्यांनी पौलाला पाटीत बसवून तटावरून खाली सोडले. जीव वाचवण्यासाठी निघून जाणे ही आज्ञा मोडणे असते, तर ही सर्व पाने शास्त्रात नसती.

वधस्तंभाचेही तसेच आहे. रोमी राज्यात तो देहान्त शिक्षेचे साधन होता, आणि त्याविषयी येशू बोलला ते 'जो माझ्यामागे येऊ पाहतो' त्याच्याशी. त्यात माणसाची स्वतःची निवड आहे आणि ख्रिस्तामागे चालल्यामुळे येणारे दुःख आहे. दारूच्या किंवा रागाच्या भरात उगारलेला हात हे ते दुःख नव्हे. कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर वधस्तंभ ठेवून हा तुझा आहे असे सांगू लागला, तर तो येशूच्या जागी नव्हे, शिपायाच्या जागी उभा असतो.

आता व्यवहाराचे बोलतो. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्याखाली तुमची बहीण संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवू शकते, न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मागू शकते, आणि राहत्या घरातून तिला हुसकावून लावता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तातडीच्या वेळी १८१ किंवा ११२ हे क्रमांक आहेत. ख्रिस्ती विवाहाला लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पूर्वी पत्नीला केवळ क्रूरतेच्या आधारे घटस्फोट मागता येत नसे. २००१ च्या दुरुस्तीने तो अन्याय दूर झाला. घटस्फोटाचा विचार तिच्या मनाला आज पटत नसेल, तर वेगळे राहण्याचा मार्ग मोकळा आहे. कॅथलिक वाचकांसाठी सांगतो की त्यांच्या चर्चच्या कायद्याचे ११५३ वे कलम, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका निर्माण करणाऱ्या जोडीदारापासून दूर होण्याचा हक्क मान्य करते.

बहिणीला आणायला जाताना एकटे जाऊ नका. तिची कागदपत्रे, मुलांचे दाखले आणि डॉक्टरांचे कागद आधी एका पिशवीत जमवायला सांगा, आणि ती पिशवी शेजारच्या विश्वासू घरी ठेवा. मंडळीतील एखादी वडीलधारी, धीराची बाई सोबत घ्या. वडीलधारे पुन्हा समजूत घालायला आले, तर त्यांना बसायला सांगा, पाणी द्या, आणि मत्तयाचा अठरावा अध्याय पहिल्या वचनापासून सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावा, अशी विनंती करा. वाचन पंधराव्या वचनापाशी आले की थांबा आणि त्यांना विचारा की तिच्या नवऱ्याकडे केव्हा जाणार, आणि सोबत कोणाला नेणार.