कोरं पान उघडं, तरी ब्राउझर कुणाशी बोलतोय?

प्रश्न : ताई, मी गावच्या पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो. परवा फायरफॉक्स नुसता उघडून ठेवला होता, पान कोरं. तरी राउटरच्या लॉगमध्ये मोझिला आणि गूगलच्या पत्त्यांकडे कनेक्शनं गेलेली दिसली. व्हायरस असेल का? सभासदांची माहिती बाहेर जातेय का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी जिवाचा घोर काढून टाका. नुसती ही नावं लॉगमध्ये दिसणं व्हायरसचं लक्षण नाही, आणि या कनेक्शनांतून सभासदांची खाती जात नाहीत. पण तुम्हाला जे खटकलं ते खटकण्यासारखंच आहे. अठरा वर्षं मी कॉलेजांच्या लॅबमधली नेटवर्कं सांभाळते आहे. न विचारता बाहेर जाणारं कनेक्शन मला आजही टोचतं.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी घरच्या लॅपटॉपवर फायरफॉक्सचं नवं प्रोफाइल केलं आणि वायरशार्क (नेटवर्कवरून काय ये-जा होतंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बसले. लगेच दिसलं ते ‘डिटेक्टपोर्टल.फायरफॉक्स.कॉम’. लॉजच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान येतं ना, तसं काही आडवं येतंय का, हे ब्राउझर तिथे पाहून घेतो. ही विचारणा साध्या एचटीटीपीवर होते, म्हणजे न चिकटवलेलं पाकीट. या जोडणीवर फायरफॉक्स आत्ता चालू झाला, एवढं तुमच्या इंटरनेटवाल्याला कळू शकतं. ऑफिसातल्या कायमच्या जोडणीला याची गरज नाही. पत्त्याच्या पट्टीत अबाउट:कॉन्फिग लिहून फायरफॉक्सची आतली सेटिंग्ज उघडा. तिथे ‘नेटवर्क.कॅप्टिव्ह-पोर्टल-सर्व्हिस.एनेबल्ड’ शोधून (टाइप इंग्रजीत करा) फॉल्स करा. ‘नेटवर्क.कनेक्टिव्हिटी-सर्व्हिस.एनेबल्ड’ यालाही तेच करा, नाहीतर तोच पत्ता पुन्हा दिसेल.

गूगलचा पत्ता बहुधा फसव्या साइटींच्या यादीचा. ती यादी तुमच्या कॉम्प्युटरवर येऊन राहते आणि साइट उघडताना जुळवणी तिथल्या तिथे होते. तुम्ही पाहिलेला प्रत्येक पत्ता गूगलकडे जात नाही. पतसंस्थेत ही सोय बंद करू नका. बँकेच्या नावाची खोटी पानं किती हुबेहूब असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. अपडेटचं कनेक्शनही राहू द्या. वापराची आकडेवारी मोझिलाला पाठवणारा टेलिमेट्रीचा पर्याय मात्र गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन खुशाल काढून टाका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पत्त्याच्या पट्टीची. सर्च सजेशन, म्हणजे टाइप करताना खाली शोध सुचवणारी सोय, चालू असतं तेव्हा तुम्ही टाइप करत असतानाच अक्षरं सर्च इंजिनकडे जाऊ लागतात, एंटर दाबायच्या आधी. कुणी पट्टीत आजाराचं नाव लिहिलं, मन बदललं, खोडलं, तरी लिहिलेलं तोवर गेलेलं असू शकतं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या डग्लस लीथ यांनी २०२० मध्ये सहा ब्राउझर मुद्दाम तपासले. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत पट्टीत टाइप केलेलं असं बाहेर जात असल्याचं त्यांनी नोंदवलं. एज आणि यांडेक्स तर यंत्राच्या हार्डवेअरला बांधलेली ओळख पाठवत होते. ब्रेव्ह सगळ्यांत गप्प निघाला. हे सगळं मूळ सेटिंगवर, कुणी काही न बदलता. आणि माझा राग तिथेच आहे. पहिल्यांदा उघडताना एक साधा प्रश्न विचारायला काय हरकत होती? पतसंस्थेत कर्जदाराचं नाव पट्टीत टाइप होण्याची शक्यता मोठी, म्हणून सेटिंगमधल्या ‘सर्च’ विभागात जाऊन सजेशनची खूण आजच काढा.

हे झालं की ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा आणि पट्टीत ‘अबाउट:नेटवर्किंग’ लिहा. फायरफॉक्सची चालू कनेक्शनं तिथेच दिसतात, राउटरचा लॉग उपसावा लागत नाही. जी नावं उरतील ती मला लिहून पाठवा, एकेक करून पाहू.