हंगामी नेत्याची कारकीर्द लिहिताना: तारखा, पदनाम आणि 'नस्ती आढळून येत नाही'

एका दिवंगत हंगामी मुख्यमंत्र्यांवर गौरवग्रंथासाठी लेख लिहिताय, त्यांच्या तारखा जुळत नाहीत, आणि कार्यालयाने 'नस्ती (म्हणजे फाइल) आढळून येत नाही' म्हणून कळवलंय. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. मतदारसंघ, निकाल वगैरे तुम्ही काढलंच असेल, ते सोडतो.

आधी पदनाम. राज्यघटनेत 'हंगामी मुख्यमंत्री' असं वेगळं पद नाही. नेमणूक कलम १६४ खालीच होते, शपथ तीच, अधिकारही पूर्ण. म्हणून मुदत शपथेपासून मोजा, खुर्ची रिकामी झाल्यापासून नव्हे. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचं निधन २४ नोव्हेंबर १९६३ चं. त्यांच्या जागी हंगामी आलेल्या बाळासाहेब सावंतांची मुदत मात्र २५ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, आणि ५ डिसेंबरपासून वसंतराव नाईक. काळजीवाहू, म्हणजे राजीनाम्यानंतर नवा येईपर्यंत काम पाहणाऱ्या मुख्यमंत्र्याचं उलट: एकनाथ शिंदेंनी २६ नोव्हेंबर २०२४ ला राजीनामा दिला आणि ५ डिसेंबरपर्यंत काम पाहिलं. नवी शपथ नाही, म्हणून ती वेगळी कारकीर्द धरू नये. विधानसभेत तर याहून गोंधळ. नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडल्यावर नरहरी झिरवाळांनी कलम १८० प्रमाणे उपाध्यक्ष म्हणूनच कामकाज पाहिलं. नव्या सभागृहाला शपथ देणारा हंगामी अध्यक्ष वेगळा, २०१९ ला ते कालिदास कोळंबकर होते. दोघांना एकच बिरुद लावलेले लेख पाहिले की चिडचिड होते.

आता तुम्हाला नकार कळवणाऱ्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, पण अशा ठिकाणी 'अमुक यांच्या कार्यकाळाची संपूर्ण माहिती द्यावी' असा माहिती अधिकाराचा अर्ज केला की तो टेबलांवर फिरत राहतो आणि शेवटी नकार येतो. सगळ्यात महाग पडते ती हीच मोघम मागणी. एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि मागायची ती फक्त नेमणुकीच्या राजपत्र अधिसूचनेची प्रत, अंदाजे तारखेसह. मंत्रिमंडळाच्या टिपण्या त्यात घुसडू नका, त्या जुन्या असल्या तरी नाकारता येतात. सोबत ही ओळ घाला: 'अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्यावी.' नस्ती हरवली म्हणणं सोपं, नोंद दाखवणं अवघड. कागद दुसऱ्या खात्याकडे असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे, तुम्हाला हेलपाटे घालायला लावणं नव्हे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. (मी वकील नाही, शुल्क आणि नमुना आधी तपासून घ्या.)

खरं तर माहिती अधिकाराआधी विधानमंडळाच्या ग्रंथालयातली कार्यवृत्तं, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदी, चाळा. जुनी वर्तमानपत्रं वापरणार असाल तर अंकाची तारीख आणि शपथेची तारीख एक समजू नका. संध्याकाळच्या शपथविधीची बातमी दुसऱ्या दिवशी छापली जाते, आणि 'काल' हा शब्द उतरवून घेताना गळतो.