वाचकांचे प्रश्न : ‘स्मॉलव्हिल’ आणि सुपरमॅनची घडण्याची वर्षे

प्रश्न : सुपरमॅनच्या किशोरवयावरची मालिका म्हणून मी ‘स्मॉलव्हिल’ पाहायला घेतली. दोन पर्वे संपत आली, तरी नायक ना आकाशात झेपावतो, ना तो ओळखीचा निळा-लाल पोशाख घालतो. हा निर्मात्यांचा हात आखडता घेण्याचा प्रकार आहे, की यामागे काही विचार आहे?

उत्तर : विचार आहे, आणि तो मालिकेच्या आरंभापासूनच आहे. आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर यांनी ही मालिका घडवताना ‘नो टाइट्स, नो फ्लाइट्स’, म्हणजे अंगाला चिकटलेला पोशाख नाही आणि उड्डाणही नाही, असा नियमच स्वतःला घालून घेतला होता. 16 ऑक्टोबर 2001 रोजी पहिला भाग प्रसारित झाला आणि 13 मे 2011 रोजी शेवटचा. या दहा पर्वांत नियमाला मुरड घातली गेली नाही असे नाही. दुसऱ्याच भागात झोपेतला क्लार्क केंट, म्हणजे पुढे सुपरमॅन होणारा आपला नायक, पलंगाच्या वर तरंगताना दिसतो आणि चौथ्या पर्वाच्या आरंभी, स्वतःची ओळख विसरलेल्या अवस्थेत, तो चक्क उडतोही. मात्र शुद्धीवर असलेला, आपण कोण आहोत हे जाणणारा क्लार्क स्वतःच्या इच्छेने आकाशात झेपावतो तो अगदी शेवटच्या भागात.

या बंधनाचा लाभ असा झाला, की लेखकांना चमत्कारांऐवजी त्या मुलाकडे पाहावे लागले. त्याच्या शक्ती एकदम प्रकट होत नाहीत. वय वाढेल तशा, आणि बहुतेकदा नको त्या वेळी, त्या त्याच्या अंगावर येतात. पहिल्या पर्वात आरपार पाहण्याची दृष्टी येते, तर दुसऱ्या पर्वाच्या आरंभी वर्गात नव्या, आकर्षक शिक्षिका आल्या असताना त्याच्या डोळ्यांतून आग बाहेर पडते. तिसऱ्या पर्वात दृष्टी काही काळ गेलेली असताना त्याचे कान कमालीचे तीक्ष्ण होतात. आपल्या शरीरात काय चालले आहे हे न कळणाऱ्या आणि ते कोणाला सांगताही न येणाऱ्या मुलाची घुसमट दाखवण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी सुचत नाही. पोशाख आणि उड्डाण पहिल्याच वर्षी देऊन टाकले असते, तर ही घुसमट दाखवायला जागाच उरली नसती.

प्रश्न : लेक्स लूथर हा सुपरमॅनचा कट्टर शत्रू. येथे मात्र तो क्लार्कचा जिवलग मित्र दाखवला आहे. मूळ कथेशी ही प्रतारणा नव्हे काय?

उत्तर : प्रतारणा म्हणता येणार नाही, कारण या मैत्रीची मुळे चित्रकथेतच आहेत. 1960 सालच्या एका कथेत तरुण लेक्स हा स्मॉलव्हिलमध्ये राहणारा, सुपरबॉयचा, म्हणजे किशोरवयीन सुपरमॅनचा, चाहता आणि मित्र होता. प्रयोगशाळेतल्या एका दुर्घटनेत त्याचे केस गेले, त्याचा दोष त्याने सुपरबॉयला दिला आणि तेथून वैर सुरू झाले. केस गेल्यावरून जन्माचे वैर धरणे हे आज वाचताना हास्यास्पद वाटते. मालिकेने त्यातली मैत्री ठेवली आणि वैराचे कारण बदलले.

1989 साली कॅन्ससमधल्या या गावावर उल्कांचा वर्षाव होतो. त्याच वर्षावात क्लार्कचे यान येते, लहानग्या लेक्सचे केस जातात आणि क्लार्क पुढे जिच्या प्रेमात पडतो त्या लाना लँगचे आईवडील मृत्युमुखी पडतात. आपल्या येण्यानेच हे घडले, ही बोच क्लार्कच्या मनात कायमची राहते. पुढे पहिल्याच भागात लेक्सची भरधाव मोटार पुलावर क्लार्कला धडकून नदीत कोसळते आणि क्लार्क त्याला बाहेर काढतो. एवढ्या जोराची धडक बसूनही हा मुलगा जिवंत कसा, हा प्रश्न लेक्सच्या मनातून जात नाही. तो क्लार्कवर मनापासून माया करतो आणि त्याच वेळी गुपचूप त्याची चौकशीही करत राहतो. दुसरीकडे क्लार्क त्याला मित्र म्हणवतो आणि रोज त्याच्याशी खोटे बोलतो. दोघांपैकी कोणाला दोषी धरावे, हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस आपल्याविषयीच्या पुराव्यांनी भरलेली लेक्सची खोली क्लार्क पाहतो, तो प्रसंग म्हणूनच एवढा लागतो.

यात दोन बापांची तुलनाही आहे. जॉन श्नायडर यांनी साकारलेले जोनाथन केंट, म्हणजे क्लार्कला वाढवणारे वडील, हे तापट आहेत, कधी कधी हेकेखोरही आहेत. लेक्सने कृतज्ञतेपोटी पाठवलेला नवा ट्रक ते मुलाला परत करायला लावतात. परंतु त्यांचे प्रेम मुलाच्या कर्तबगारीवर अवलंबून नाही. जॉन ग्लोव्हर यांचा लायोनेल लूथर मात्र मुलाला सतत कसोटीवर घासत राहतो. मायकेल रोझेनबॉम यांच्या अभिनयात वडिलांच्या शाबासकीची जी भूक दिसते, तिच्यामुळे लेक्सचा ऱ्हास पाहताना राग येण्याआधी वाईट वाटते. या मालिकेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. त्यापुढे क्लार्क आणि लाना यांचे वर्षानुवर्षे लांबलेले प्रेमप्रकरण फिके आणि, स्पष्टच सांगायचे तर, कंटाळवाणे आहे.

प्रश्न : दहा पर्वे पाहण्याइतका वेळ नाही. कोठे थांबावे?

उत्तर : पहिल्या पर्वात उल्केच्या दगडामुळे विचित्र शक्ती मिळालेला एखादा गावकरी जवळजवळ प्रत्येक भागात येतो आणि भाग संपताना निकालात निघतो. त्यांतले बरेच भाग वगळले तरी चालतील, मात्र पहिला वगळू नये. पाचव्या पर्वात मालिकेचा शंभरावा भाग आहे आणि जोनाथन यांचा मृत्यू त्यातच होतो. घरची बाजू तेथे संपते, त्यामुळे थांबायला ती जागा योग्य आहे. सातव्या पर्वानंतर गॉफ, मिलर आणि रोझेनबॉम तिघेही बाहेर पडले. त्यानंतरची कथा मेट्रोपोलिस शहर, वृत्तपत्राची कचेरी आणि तिथली वार्ताहर लोइस लेन यांच्याभोवती फिरते. एरिका ड्युरन्स यांची लोइस खट्याळ आणि चुणचुणीत आहे, त्यामुळे ती पर्वे टाकाऊ नाहीत, पण ती किशोरवयाची गोष्ट उरत नाही. रोझेनबॉम शेवटच्या भागासाठी परतले आहेत, तेवढा भाग जरूर पाहावा.

प्रश्न : जुन्या चित्रपटांतील सुपरमॅन या मालिकेत दिसतो, हे खरे आहे काय?

उत्तर : होय. क्रिस्टोफर रीव्ह यांनी डॉ. व्हर्जिल स्वान या शास्त्रज्ञाची भूमिका दोन भागांत केली. 1995 साली घोड्यावरून पडल्याने ते पंगू झाले होते, आणि ही भूमिकाही चाकांच्या खुर्चीतल्या माणसाचीच आहे. 2003 साली प्रसारित झालेल्या ‘रोझेटा’ या भागात ते क्लार्कला त्याच्या ग्रहाचे नाव आणि त्याचे मूळ सांगतात. प्रसंगात उगाच गहिवर आणलेला नाही, दोघेही शांतपणे बोलतात. ऑक्टोबर 2004 मध्ये रीव्ह यांचे निधन झाले. जुन्या चित्रपटांतली आणखी दोन माणसे येथे आहेत. त्या चित्रपटांत खलनायक झॉड साकारणारे टेरेन्स स्टॅम्प यांनी क्लार्कच्या जन्मदात्याला आवाज दिला आहे, तर क्लार्कला वाढवणारी आई मार्था केंट झालेल्या ॲनेट ओटूल या 1983 सालच्या चित्रपटात लाना लँग होत्या.