वडील सैन्यात होते, पण त्यांनी घरात कधी काही सांगितले नाही. त्यांच्या वर्षश्राद्धाला काय लिहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वडील सैन्यातून निवृत्त झाले होते, ते जाऊन आता वर्ष होईल, वर्षश्राद्धाला त्यांच्याविषयी चार पाने लिहून नातेवाइकांना द्यावीत असे भावंडांनी ठरवले आहे, परंतु १९७१ च्या युद्धात असूनही त्यांनी घरात त्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते, त्यामुळे लिहायला बसल्यावर कागद कोराच राहतो. माझी स्थिती सहा वर्षांपूर्वी नेमकी अशीच होती. म्हणून सल्ला देण्यापेक्षा मी काय केले आणि त्यात कुठे चुकलो, ते सांगतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातले. चीनच्या युद्धानंतर सैन्यभरती जोरात सुरू असताना १९६३ मध्ये ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात दाखल झाले आणि १९८५ मध्ये हवालदार म्हणून घरी आले. सगळी नोकरी पहिल्या मराठा बटालियनमध्ये झाली. ही पलटण १७६८ मध्ये उभी राहिलेली असून तिला जंगी पलटण म्हणतात. तात्यांना या नावाचा अभिमान होता. पण तो कसा, तर कोणी विचारलेच तर ‘जंगी पलटण’ एवढे म्हणून ते पुन्हा कामाला लागत.

माझी पहिली चूक अशी की मी युद्धापासून सुरुवात केली. वाचनालयातून पुस्तके आणली, टिपणे काढली आणि जमालपूरच्या लढाईवर दोन पाने लिहिली. ती लढाई खरोखरच लिहिण्याजोगी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले, म्हणजे आजच्या बांगलादेशातले, ब्रह्मपुत्रेच्या काठावरील जमालपूर पाकिस्तानच्या ३१ बलुच बटालियनच्या ताब्यात होते. आपल्या ब्रिगेडियर एच. एस. क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र धाडले, तेव्हा तिथल्या कर्नल सुलतान अहमद यांनी नकाराच्या उत्तरासोबत पाकिटात बंदुकीची एक गोळी घालून पाठवली. पहिली मराठा तोपर्यंत नदी ओलांडून शहराच्या दक्षिणेला टांगाइलच्या रस्त्यावर वाट अडवून बसली होती, आणि १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघालेली शत्रूची फौज नेमकी तिच्याच तोंडी आली. सकाळी जमालपूर पडले. १२ तारखेच्या संध्याकाळी पुंगली पुलावर पहिल्या मराठाची गाठ आदल्या दिवसाअखेर हवाई छत्रीने उतरलेल्या दुसऱ्या पॅरा बटालियनशी पडली. ही पॅरा बटालियनही मूळची मराठाच. त्यामुळे त्या अंधारात कोण कोणाला कोणत्या भाषेत हाका मारत असतील, याची कल्पना करायला मला आजही आवडते. चार दिवसांनी ढाका पडले.

हे सगळे मी उत्साहाने लिहिले आणि थोरल्या बहिणीला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “छान आहे, पण यात तात्या कुठे आहेत?”

त्या पानांवर आठशे माणसांची पलटण होती, तात्या नव्हते. मी ती बाजूला ठेवली आणि माळ्यावरची त्यांची काळी ट्रंक खाली काढली. आपणही तिथूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवीन. सर्वांत आधी डिस्चार्ज बुक शोधा. भरतीची आणि निवृत्तीची तारीख, हुद्दे, पदके, वर्तनाचा शेरा हे सारे त्यात असते. पदके सापडली तर त्यांची कड भिंगाखाली धरून पाहा; सैनिकाचा क्रमांक आणि नाव तिथे कोरलेले असते. ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर वडील बांगलादेशच्या आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेच्या. आमच्या तात्यांची पदके शेविंगच्या रिकाम्या डबीत होती. डिस्चार्ज बुक हरवले असेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावे लागते, आणि तो अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात समजावून देतात.

डिस्चार्ज बुकातले कुटुंबाचे पान मात्र मुद्दाम वाचा. सैनिकाच्या घरातील लग्न, जन्म, मृत्यू यांची नोंद पलटणीत ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून होते. माझ्या जन्माची बातमी तात्यांना पत्राने किती दिवसांनी कळली हे घरात कोणालाच आठवत नव्हते. पण ते कळताच त्यांनी कारकुनाकडे जाऊन माझे नाव सरकारी कागदावर चढवले होते. एका नोंदीत मात्र घोळ निघाला. आईचे नाव तिथे माहेरचे राहिले होते, आणि तात्या गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या एका शब्दापायी आम्हाला आठ महिने प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागले. आपल्या आई हयात असतील तर हे आजच तपासून घ्या.

ट्रंकेच्या तळाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. त्या मनीऑर्डरच्या पोचपावत्या होत्या. आताच्या मुलांना हे सांगावे लागेल : मनीऑर्डरच्या फॉर्मचे दोन तुकडे दोन दिशांना जात. खालच्या तुकड्यावर पाठवणारा दोन ओळी लिहू शके, तो पैशांबरोबर घरी राही. आणि पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. तात्यांच्या गठ्ठ्यात आईचा अंगठा होता, महिन्यामागून महिना, कधी ठळक, कधी फिसकटलेला, तर एकदा बहुधा पीठ लागलेल्या हाताने उठवलेला, कारण रेषांच्या जागी नुसता डाग आहे. १९७६ च्या सुमारास अंगठे संपतात आणि त्या जागी चार वाकडी अक्षरे येतात. रजेवर आलेल्या तात्यांनी आईला पाटीवर सही शिकवली होती, ही गोष्ट मला तोवर ठाऊकच नव्हती.

आईला विचारले तेव्हा तिने आपल्या पेटीतून दुसरा गठ्ठा काढला. त्यात तात्यांच्या हातचे तुकडे होते. बहुतेकांवर एकच मजकूर : “मी खुशाल. रक्कम पोचताच कळवावे. पोरांचा दुधाचा रतीब मोडू नये.” जानेवारी १९७२ च्या तुकड्यावरही हेच शब्द आहेत. जमालपूर, पुंगली, ढाका हे सारे घडून महिनाही झाला नव्हता, आणि ‘मी खुशाल’ या दोन शब्दांपलीकडे त्यांनी काही लिहिलेले नाही. त्या डिसेंबरात आमच्या आळीतल्या पाच घरांतली माणसे आघाडीवर होती. संध्याकाळी बायका ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी जाऊन बसत, आणि तारवाल्याची सायकल वेशीत दिसली की ती कोणत्या बोळात वळते हे पाहीपर्यंत कोणी श्वास घेत नसे, असे आई सांगते.

आता याची दुसरी बाजू. पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, पावसाने दगा दिला आणि माणदेशात तर आधीच टंचाई होती. विहीर आटली. मनीऑर्डर आईच्या नावाने येई, पण घरात खाणारी तोंडे अकरा होती आणि पैसे आठवडाभरात संपत. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. बहीण चार वर्षांची आणि मी दोन वर्षांचा. आम्हाला बाभळीखाली गोधडीवर ठेवलेले असे. दुपारी सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. हे सगळे चालू असताना आई शाळेतल्या गुरुजींकडून तात्यांना पत्रे लिहवून घेत होती, आणि प्रत्येक पत्राचा पहिला आणि शेवटचा मजकूर होता, “इकडील सर्व क्षेम आहे.”

१९७३ च्या चैत्रात तात्या दोन महिन्यांच्या रजेवर आले, तेव्हा घराला कडी होती. शेजारणीने सांगितले ते ऐकून ते ट्रंक तशीच उचलून कामावर गेले. आई म्हणते, त्यांनी काही विचारले नाही, पाणी मागितले आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याबरोबर जाऊ लागले. नोकरीतल्या माणसाचे नाव हजेरीपटावर चढवता येणार नाही असे मुकादमाने बजावले, तेव्हा त्यांनी फोडलेली खडी आईच्या ढिगात धरली गेली आणि त्या पंधरवड्यात तिच्या नावावर सगळ्या गँगपेक्षा जास्त ब्रास भरले. पदके मिळाली त्याच सुमाराची ही गोष्ट आहे, आणि गावात तिचे कोणाला विशेष वाटले नाही, कारण दुष्काळाने सर्वांनाच एका ओळीत बसवले होते.

मी आईला विचारले, त्यांनी लढाईचे तुला का सांगितले नसेल? ती म्हणाली, “म्या तरी दुष्काळाचं कुठं कळिवलं हुतं?”

आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते मला इथे मिळाले. वडिलांचे मौन हा मी सैनिकाचा स्वभाव समजत होतो. आईकडेही तितकेच मौन होते आणि ते मला कधी दिसलेच नव्हते. बावीस वर्षांत वार्षिक रजा वर्षाला दोन महिने धरली, तरी दोघे एका छपराखाली पावणेचार वर्षेही राहिले नाहीत. एवढ्या दूरवरून एकमेकांची काळजी वाहायची तर बातमी गाळून पाठवणे हाच त्यांच्यापाशी मार्ग होता. म्हणून वडिलांवर लिहायचे असेल तर आपल्या आईशी, आत्याशी, चुलतीशी अधिक बोला. त्यांना युद्धाचे विचारू नका. रजेवर आले की काय करत, ते विचारा.

लढाईचा एक धागा मला मिळाला, तोही असाच आडवाटेने. तात्या २०१९ मध्ये गेले. दहाव्याला त्यांच्या पलटणीतले दोन म्हातारे एस.टी.ने आले. फौजेत मराठा जवानाला लाडाने ‘गणपत’ म्हणतात; हे दोघे ऐंशीच्या घरातही एकमेकांना ‘ए गणपत’ अशीच हाक मारत होते. त्यांतला एक चहा पिता पिता सहज म्हणाला, “जमालपूरला रातभर मॉर्टरची बेसप्लेट ह्योच घिऊन चालत हुता, डाव्या खांद्यावर. दुसऱ्याला दे म्हटलं तर देईना. तवापास्नं खांदा गेला त्याचा.” बेसप्लेट म्हणजे उखळी तोफेच्या बुडाखालची जड तबकडी. मी चहाचा कप खाली ठेवला. लहानपणी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत तात्या मला नेहमी उजव्याच खांद्यावर बसवत. मी डावीकडे चढू लागलो की ते न बोलता मला उचलून उजवीकडे घेत, आणि मला वाटे की ही काहीतरी शिस्त असावी. माझ्या लेखात जमालपूरवर शेवटी एवढाच परिच्छेद राहिला. बाकीची दोन पाने मी गाळली.

निवृत्तीनंतरचे दिवस गाळू नका, ही आणखी एक विनंती. शोकसभेत आणि छापील आठवणींत सैनिकाचे आयुष्य बहुधा डिस्चार्जच्या तारखेला संपवून टाकतात. आमच्याकडे तर खरे अवघड दिवस तेव्हाच सुरू झाले. तात्या घरात पाहुण्यासारखे वावरत, पहाटे पाचला सर्वांच्या गोधड्या चौकोनी घड्या घालून रचत आणि आई करवादे, “ही काय तुमची पलटण न्हाई.” पुढे अकरा वर्षे त्यांनी एका साखर कारखान्याच्या फाटकावर पहारा केला आणि त्या पगारावर आमची शिक्षणे झाली. आईला मधुमेह झाला, मग दृष्टी अधू होत गेली, तेव्हा ते भाकरी थापायला शिकले. पहिल्या महिन्यातल्या भाकऱ्यांबद्दल न बोललेले बरे. तिच्या साखरेच्या नोंदींची त्यांची वही माझ्याकडे आहे. फौजी पद्धतीने आधी वेळ, मग आकडा : ०६०० – १४२, १४०० – १९०. एका दिवशी सकाळच्या नोंदीपुढे कंसात ‘आंबा खाल्ला, विचारता नाही म्हणाली’ असे लिहिलेले आहे. शेवटची नोंद ते दवाखान्यात दाखल झाले त्या दिवशीची, सकाळी सहाची.

तर लिहिताना वडिलांच्या हातची एखादी वस्तू समोर ठेवा, आईला शेजारी बसवा आणि ती सांगेल तसे लिहीत जा. चार पाने अपुरी पडतील. माझी आई आता पंच्याहत्तर ओलांडून गेली आहे, तिला जवळजवळ दिसत नाही, आणि गावी गेलो की ती मला मनीऑर्डरचे तुकडे क्रमाने वाचायला लावते. १९७२ आणि १९७३ चे तुकडे आले की मी ‘पोरांचा दुधाचा रतीब मोडू नये’ एवढे वाचतो, आणि ती दर वेळी हसून म्हणते, “रतीब कसला? शेळी बी इकली हुती.”