गाडी जहाजावर आहे, तोवर काय शिकू?

प्रश्न : आजवर मी साध्या ऑटोमॅटिक गाड्याच चालवल्या. आता निवृत्तीनंतर पहिली स्पोर्ट्‌स कार मागवली आहे, पोर्शे ९११ कॅरेरा एस. कारखान्यातून निघाली आणि जहाजावर चढली, एवढे कळले आहे. रोज रात्री व्हिडिओ पाहते. रोज एखादे नवे बटण, नवा मोड कळतो आणि डोक्यात नुसती गर्दी होते. ताबा देताना तासा-दीड तासात सगळे समजावून सांगतील म्हणतात. त्याआधी मी काय शिकून ठेवू? गाडी आल्यावर कोणत्या क्रमाने पुढे जाऊ? लाँच कंट्रोल, म्हणजे उभी गाडी पूर्ण जोराने सोडण्याची सोय, वापरून पाहायची फार इच्छा आहे, ते कधी करू? आणि जहाजाचीही काळजी वाटते.

उत्तर : तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला. नव्या गाड्यांचा ताबा देणे आणि त्या मालकाला समजावून सांगणे, हेच काम मी वर्षानुवर्षे केले. त्यामुळे आधी एक सांगते. ताब्याच्या दिवशी माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांतलेच काय ते नीट ऐकू येते. पुढे समोरचा कितीही चांगले सांगू दे, मालकाचे डोळे रंगावर आणि चाकांवर खिळलेले असतात. म्हणून शिकायचे ते आताच, या रिकाम्या आठवड्यांत शिका.

व्हिडिओ थोडे बाजूला ठेवा. तुमच्या गाडीच्या मॉडेल वर्षाचे मॅन्युअल मिळवा आणि ऑर्डरचा कागद शेजारी ठेवून वाचा. व्हिडिओतल्या गाडीत असलेली निम्मी उपकरणे तुम्ही मागवलेलीच नसतील. गोंधळ तिथूनच सुरू होतो. कागदावर नाही ते मॅन्युअलमध्ये ओलांडून पुढे जा. इंजिन ऑइल तपासण्याचे पान मात्र दोनदा वाचा. ९११ मध्ये तेलाची पातळी पाहायला डिपस्टिक नसते. ती स्क्रीनवरच्या मेन्यूत पाहायची असते. नवे इंजिन सुरुवातीला थोडे तेल पिऊ शकते, तेव्हा हा मेन्यू तुम्हाला कोणाला न विचारता सापडायला हवा.

चासी क्रमांक अजून मिळाला नसेल तर मागून घ्या. तो १७ अक्षरे-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. तो हाती आला की विम्याची कागदपत्रे पुढे सरकतात. रंगावर संरक्षक फिल्म लावायची असेल तर तिची वेळही आत्ताच ठरवा. दगडांचे टवके थांबवते ती फिल्म. सिरॅमिक कोटिंगने गाडी धुणे सोपे होते, चमक टिकते, पण खडी ते अडवत नाही. फिल्म गाडी रस्त्यावर उतरण्याआधीच लावावी. ती लावून घेणार असाल, तर ताबा देणाऱ्यांना गाडी पॉलिश करू नका असे लेखी कळवा. घाईने फिरवलेल्या पॉलिशच्या गोल रेघा फिल्मखाली कायम दिसत राहतात.

जहाजाबद्दल काळजी वाटणे साहजिक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेलिसिटी एस या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि १ मार्चला ते सुमारे ४,००० गाड्यांसह बुडाले. त्यात पोर्शे, बेंटली, लॅम्बोर्गिनी होत्या. पण असे क्वचितच घडते, आणि तेव्हाही कंपन्यांनी बुडालेल्या गाड्यांच्या जागी नव्या बांधायला घेतल्या. तुमची गाडी पोचेल. तुम्ही ती पोचल्यावरचा विचार करा.

ताब्याच्या दिवशी एक गोष्ट आवर्जून विचारा : टायरमधली हवा रस्त्यासाठीच्या आकड्यावर आणली आहे का? प्रवासात टायर चपटे पडू नयेत म्हणून नव्या गाड्यांच्या टायरमध्ये पुष्कळदा जास्त हवा भरलेली असते, आणि ती कमी करायची राहून गेली तर गाडी कडक आणि उडती वाटते. नवा मालक समजतो, स्पोर्ट्‌स कार अशीच असते! सुटे चाक या गाडीत नसते. पंक्चर झाल्यास वापरायचे द्रव्य आणि हवेचा छोटा पंप असतो. तो कुठे ठेवला आहे ते हात लावून पाहा. पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद आणि मागचे ३०५, त्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदलही नाही.

आता क्रमाचे. सगळ्यांत आधी बसणे. पाठ सीटला पूर्ण टेकवा आणि खांदे न उचलता हात लांब करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडले पाहिजे. ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे लावा. या गाडीची मागची बाजू चांगलीच रुंद आहे, ती आरशात कुठवर दिसते ते लक्षात घ्या. हे सगळे सीटच्या मेमरीत साठवा. पुढचा भाग उचलणारी यंत्रणा घेतली असेल तर ती पुढची बाजू सुमारे ४० मिलिमीटर वर घेते. उतार किंवा गतिरोधक आल्यावर नव्हे, त्याच्या जरा आधी बटण दाबायची सवय लावा.

नंतर गिअरबॉक्स, आणि इथे मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण साध्या ऑटोमॅटिकवरून येणाऱ्यांची खरी अडचण इथेच होते. तुमच्या आधीच्या गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून शक्ती देणारे यंत्र असण्याची शक्यता जास्त. तुमच्या ९११ च्या गिअरबॉक्सला पीडीके म्हणतात, त्यात दोन क्लच असतात. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो, म्हणून बदल इतका झटपट होतो. पोर्शेने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर हे तंत्र घडवले, आणि ९११ मध्ये ते २००८ मध्ये आले. पण शेवटी ते क्लचच. चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरू नका, क्लच तापतो. चढावर ब्रेकच धरायचा. इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत पुढच्या गाडीशी थोडे अंतर पडू द्या आणि मग एकदाच पुढे जा. पहिले काही दिवस स्टिअरिंगमागच्या, हाताने गिअर बदलायच्या पॅडल्सना हातही लावला नाही तरी चालेल. गाडी कोणत्या वेगाला कोणता गिअर निवडते ते ऐकत राहा.

यानंतर तेलाचे तापमान. स्क्रीनवर ते कायम दिसेल असे ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती. पाण्याचा काटा लवकर वर येतो आणि गाडी तयार झाली असे वाटते, पण तेल बरेच मागे असते. थंड तेल घट्ट असते आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत जसे पोचायला हवे तसे पोचत नाही. तेल ८०–९० अंशांच्या आसपास येईपर्यंत निम्मा ॲक्सिलरेटर आणि कमी आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे), एवढेच. थंड इंजिन उभ्या गाडीत रेस करू नका, आवाज कितीही सुंदर असला तरी.

मग मोड. स्टिअरिंगवरची चकती फिरवली की ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची घाई, शॉक्सचा (रस्त्याचे धक्के शोषणाऱ्या भागांचा) कडकपणा, एक्झॉस्टचा आवाज, असे बरेच काही एकाच वेळी बदलते. म्हणून नवख्याला कशामुळे काय झाले ते कळत नाही. ओळखीचा एक रस्ता निवडा. आधी बरेच दिवस नॉर्मलमध्येच चालवा. नंतर इंडिव्हिज्युअल मोडमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदला : आज फक्त शॉक्स, पुढच्या वेळी फक्त इंजिन. माझी आवडती मांडणी इंजिन स्पोर्टमध्ये आणि शॉक्स मऊ अशी आहे. खडबडीत रस्त्यावर कडक शॉक्सनी टायर उडतो, आणि हवेत असलेला टायर काहीच धरू शकत नाही. स्पोर्ट प्लस म्हणजे गाडीचे सर्वोत्तम रूप, हा समज मनातून काढून टाका. तो गुळगुळीत ट्रॅकसाठी आहे.

वेट मोडबद्दल व्हिडिओत फारसे कोणी बोलत नाही, मला मात्र तो या गाडीतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटतो. पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी ओळखणारे सेन्सर आहेत. टायरने उडवलेल्या पाण्याचा आवाज ऐकून गाडी रस्ता ओला असल्याचे सांगते. पण मोड ती स्वतः बदलत नाही, तो तुम्हालाच लावावा लागतो. सूचना आली की लगेच लावा.

आणि वळणे. ९११ चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. या वजनामुळे वेग घेताना मागचे टायर रस्त्याला घट्ट धरतात, ती या गाडीची मोठी देणगी. पण वळणात शिरल्यावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर वजन पुढे सरकते, मागचे टायर हलके होतात आणि शेपूट बाहेर जाऊ पाहते. आजची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पुष्कळ सावरून घेते, तरी सवय आपलीच चांगली हवी. वेग वळणाआधी सरळ रस्त्यावर कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा, बाहेर पडताना हळूहळू दाबा. हे शक्य असेल तर बंद मैदानावर, प्रशिक्षकाला शेजारी बसवून शिका. तिथेच एकदा पूर्ण जोराने ब्रेक मारून एबीएसची, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर पायाला ओळखीची करून घ्या. मात्र ब्रेक आणि टायर थोडे वापरले गेल्यावर. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नव्या टायरची पकड पूर्ण नसते.

लाँच कंट्रोल शेवटी, आणि नक्की करा! रनिंग-इनचे, म्हणजे नवे इंजिन सांभाळून चालवण्याचे, मॅन्युअलमधले किलोमीटर पूर्ण झालेले, तेल आणि टायर गरम, जागा बंद ट्रॅकची. स्पोर्ट प्लस लावा, डाव्या पायाने ब्रेक घट्ट धरा, उजव्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत न्या, सूचना दिसली की ब्रेक सोडा. डोके सीटला टेकवायला विसरू नका. तोवर तेलाचा काटा तुम्हाला न पाहताही कळू लागलेला असेल.

प्रश्न : माझीही ९११ लवकरच येते आहे, पण ताबा घेतल्यावर लगेच मला महिनाभर बाहेर राहावे लागेल. गाडी नुसती उभी ठेवली तर चालेल का?

उत्तर : बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून ठेवा. लॉक केलेली गाडीसुद्धा अलार्म आणि इतर यंत्रणांसाठी थोडी थोडी वीज घेत राहते. बहुतेक ९११ मध्ये बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली तर बॅटरीपर्यंत पोचायलाच वीज लागते. त्यासाठी आत फ्यूज बॉक्सजवळ बाहेरून वीज देण्याची सोय आहे. निघण्याआधी मॅन्युअलमध्ये ती पाहून ठेवा. दार उघडायची धातूची किल्ली रिमोटच्या आतच असते. मेंटेनर लावण्याची सोय नसेल तर घरातल्या कोणाला गाडी सुरू करून पाच मिनिटांत बंद करायला सांगू नका. त्याने बॅटरी भरत नाही आणि एक्झॉस्टमध्ये पाणी साठते.

प्रश्न : मी बीएमडब्ल्यू एम३ घेतली. २,००० किलोमीटरवरच सर्व्हिसला या म्हणतात. गाडीत काही खोट असावी का?

उत्तर : अजिबात नाही. एम गाड्यांना ही रनिंग-इन सर्व्हिस कंपनीनेच ठरवून दिलेली आहे. नवे भाग एकमेकांवर बसताना धातूचा बारीक चुरा तेलात उतरतो, म्हणून इंजिनचे आणि मागच्या डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांत शक्ती वाटून देणाऱ्या भागाचे) तेल तेव्हा बदलतात. तोवर ५,५०० आरपीएम आणि ताशी १७० किलोमीटर यांच्या आत राहा. एकाच वेगाने लांब जाण्यापेक्षा वेग कमी-जास्त होईल असे रस्ते निवडा, आणि सर्व्हिस झाल्याची नोंद गाडीच्या इतिहासात चढली ना, ते तिथेच पाहून घ्या.